कागद नाकारला, तरी चित्रकथा जगली

१९४७ सालची गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात चित्रकथांच्या एका मासिकाचा दुसरा अंक तयार होऊन पडला होता. पहिला अंक बाजारात गेला होता आणि दुसऱ्याची चित्रे काढून झाली होती. छापायचे तेवढे बाकी होते आणि अडले होते ते कागदापाशी. नेहमीचा कागदवाला अचानक कागद द्यायला तयार होईना. दुसऱ्याकडे विचारले, तिथेही नकार आला. शेवटी तो दुसरा अंक निघालाच नाही. मासिक पहिल्याच अंकावर बंद पडले.

त्या मासिकाचे नाव होते 'ऑल-निग्रो कॉमिक्स' आणि ते काढणाऱ्या पत्रकाराचे नाव ऑरिन क्रॉमवेल इव्हान्स. (कृष्णवर्णीयांना त्या काळी तिकडे निग्रो म्हणत. आज तो शब्द सन्मानाचा मानत नाहीत; पण मासिकाचे नावच ते असल्यामुळे येथे तसेच ठेवले आहे.)

पंचाहत्तर वर्षांनंतर, २०२२ साली, हेच मासिक पुन्हा छापण्यासाठी सर्वसामान्य वाचकांनी वर्गणी जमा केली. त्यातून झालेल्या पुस्तकाला २०२४ साली चित्रकथांच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. मधल्या पाऊणशे वर्षांत ही कथा कोणी जपली, पैसे कसे उभे राहिले आणि अशा पैशांचा हिशोब कसा ठेवावा लागतो, हे सारे वर्गणीवर संस्था आणि पत्रे चालवणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने समजून घ्यावे असे आहे.

नोकर आणि रानटी

त्या काळी अमेरिकेत चित्रकथांची मासिके कोट्यवधींनी खपत. लहान मुले, कामगार, सैनिक, सगळेच ती वाचत. किंमत अवघी दहा सेंट. पण या मासिकांत कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो बहुधा दोनच रूपांत. एक तर जाड ओठांचा, घाबरट, हसे करून घेणारा नोकर. नाहीतर आफ्रिकेच्या जंगलातला रानटी. काळ्या कामगाराचे मूल कष्टाचे दहा सेंट देऊन मासिक विकत घेई आणि त्यात आपल्याच बापाची टवाळी वाचत बसे.

याविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिलेल्यांत शाळकरी मुलेही होती. 'कॅप्टन मार्व्हल' या खपाच्या चित्रकथेत स्टीमबोट नावाचे असेच एक विदूषकी नोकराचे पात्र होते. न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांचे एक शिष्टमंडळ थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेले. आमची जमात अशी नाही, पण तुमचे लाखो वाचक हेच खरे मानतील, असे त्यांनी संपादकाला समजावले. १९४५ साली ते पात्र काढून टाकण्यात आले.

मुलांनी वाईट पात्र काढायला लावले. पण त्याच्या जागी चांगले पात्र कोण आणणार? ते काम इव्हान्स यांनी अंगावर घेतले.

नोकरी गेली आणि मासिक निघाले

इव्हान्स यांचा जन्म १९०२ सालचा. ते 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' या गोऱ्यांच्या मालकीच्या दैनिकात बातमीदार होते. गोऱ्यांच्या मोठ्या वृत्तपत्रात सर्व प्रकारच्या बातम्या लिहिणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय पत्रकारांत त्यांची गणना होते. १९४७ च्या आरंभी कर्मचाऱ्यांचा संप चालू असतानाच मालकाने 'रेकॉर्ड' विकून टाकले आणि ते बंद पडले. इव्हान्स यांची नोकरी गेली.

पंचेचाळीशीच्या घरातला हा माणूस दुसरी नोकरी शोधून गप्प बसला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी 'रेकॉर्ड'मधल्याच काही जुन्या सहकाऱ्यांना भागीदार केले आणि कंपनी काढली. चित्रकार जमवले, ते सगळे कृष्णवर्णीय. त्यांत इव्हान्स यांचा सख्खा भाऊ जॉर्ज होता. जून १९४७ चा अंक बाहेर पडला: अठ्ठेचाळीस पाने, किंमत पंधरा सेंट. इतर मासिकांपेक्षा पाच सेंट जास्त. यातील प्रत्येक रेघ आमच्याच माणसांनी ओढलेली आहे, असे इव्हान्स यांनी अंकाच्या आरंभी अभिमानाने सांगितले होते.

अठ्ठेचाळीस पानांत काय होते?

पहिली कथा 'एस हार्लेम' या गुप्तहेराची, जॉन टेरेल या चित्रकाराने काढलेली. नीटनेटका पोशाख केलेला, डोक्याने काम करणारा काळा गुप्तहेर एका खुनाचा छडा लावतो. खून करणारेही काळेच आहेत. आपल्यातला चोर लपवायचा नाही आणि आपल्यातला शोधकही लपवायचा नाही, अशी ती सरळ मांडणी होती.

दुसरा नायक 'लायन मॅन', तो जॉर्ज इव्हान्स यांचा. हा अमेरिकेत जन्मलेला, महाविद्यालयात शिकलेला काळा शास्त्रज्ञ. आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, युरेनियमचा मोठा साठा असलेल्या डोंगरावर पहारा ठेवण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघ त्याला पाठवतो. अणुबाँब पडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती, हे लक्षात घ्या. जंगलकथेतला नायक म्हणजे गोरा टारझन, ही समजूत पक्की असताना काळ्या मुलांना काळा शास्त्रज्ञ नायक मिळाला. पुढे जगभर गाजलेला 'ब्लॅक पँथर' हा नायक मोठ्या कंपनीने आणला तो १९६६ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी.

याशिवाय लहानग्यांसाठी 'ड्यू डिलीज' नावाची परीकथा होती आणि थोडा विनोदही होता. खरे सांगायचे तर विनोदी पानांवर जुन्या साच्याची छाया अधूनमधून दिसते आणि पुढच्या टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले आहे. पहिल्या पावलात सगळेच जमत नाही. दुसऱ्या अंकात सुधारता आले असते. पण दुसऱ्या अंकाची संधीच त्यांना मिळाली नाही.

कागदाची नाकेबंदी

अंकाची दखल 'टाइम' साप्ताहिकानेही घेतली होती. मग कागद का मिळाला नाही? महायुद्धानंतर कागदाची टंचाई होती हे खरे. पण हा कागदवाला अगोदर कागद देत होता आणि मग एकाएकी सगळीकडूनच नकार आला. या काळावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी मोठ्या गोऱ्या प्रकाशकांवर आणि वितरकांवर संशय घेतला आहे. काळ्या वाचकांची बाजारपेठ आहे हे इव्हान्स यांनी दाखवून दिले होते आणि ती बाजारपेठ दुसऱ्यांना हवी होती. लवकरच काळ्या वाचकांसाठी चित्रकथा निघू लागल्या, पण त्या गोऱ्यांच्या कंपन्यांच्या. ज्या कंपनीने स्टीमबोट छापला होता, तिनेच १९५० साली 'निग्रो रोमान्स' नावाचे मासिक काढले. त्यांना कागद मिळाला.

हा अनुभव आपल्याला परका नाही. १९२० साली 'मूकनायक' निघणार होता, तेव्हा रोख पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून त्या पत्राला बळ मिळाले. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत, तरीही पैशांअभावी १९२९ साली ते पत्र थांबले. इव्हान्स यांचा अंक निघण्याच्या आदल्याच वर्षी, १९४६ साली, बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. दोन्हीकडची दुखणी सारखी होती. लिहिणारे होते, वाचणारेही होते. अडवणूक होत होती ती कागद, पैसा आणि विक्री या ठिकाणी.

दुकान टाळून गेलेली पुस्तिका

ही अडवणूक चुकवण्याचा एक मार्ग दहा वर्षांनी सापडला. १९५७ च्या डिसेंबरात 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संस्थेने 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' ही सोळा पानांची चित्रकथा काढली. बसमधील वेगळ्या बैठकींविरुद्ध माँटगोमेरीच्या लोकांनी केलेला बहिष्कार आणि अहिंसक लढ्याची रीत तिच्यात चित्रांतून सांगितली होती. किंमत दहा सेंट, प्रती अडीच लाख. ती वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकायला ठेवली नाही. चर्च, शाळा आणि चळवळीचे कार्यकर्ते यांच्या हातून ती गावोगाव गेली.

ही पुस्तिका वाचणाऱ्यांत जॉन लुईस नावाचा अठरा वर्षांचा तरुण होता. तो पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचा नेता आणि अमेरिकन संसदेचा सदस्य झाला. या पुस्तिकेची आठवण ठेवून त्यांनी उतारवयात आपले जीवन 'मार्च' या नावाने तीन भागांच्या चित्रकथेत सांगितले. सहलेखक अँड्र्यू आयडिन, चित्रे नेट पॉवेल यांची. पहिला भाग २०१३ साली 'टॉप शेल्फ' या लहानशा स्वतंत्र प्रकाशनाने काढला. तिसऱ्या भागाला २०१६ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. दहा सेंटांच्या पुस्तिकेतून पेरलेले बी असे उगवले.

वाचकांनी जपलेली ठेव

इव्हान्स पुन्हा वृत्तपत्राच्या नोकरीत गेले. १९७१ साली त्यांचे निधन झाले. 'ऑल-निग्रो कॉमिक्स'च्या फारच थोड्या प्रती उरल्या होत्या, त्याही संग्राहकांच्या कपाटात. तरी ही कथा मेली नाही, कारण चाहत्यांनी तिचे नाव टाकले नाही.

चित्रकथांच्या चाहत्यांचे मेळावे अमेरिकेत १९६० च्या दशकापासून भरतात. त्यांत काळ्या लेखक-चित्रकारांना कोपऱ्यातली जागा मिळे. म्हणून १९९३ साली शिकागोत टर्टेल ओनली या चित्रकाराने 'ब्लॅक एज ऑफ कॉमिक्स' नावाने स्वतंत्र मेळावा सुरू केला. त्याच वर्षी काही कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी 'माइलस्टोन' ही कंपनी काढली. छपाई आणि विक्री मोठ्या कंपनीकडे दिली, पण पात्रांची मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. २००२ साली युमी ओडम यांनी इव्हान्स यांच्याच फिलाडेल्फियात असा मेळावा सुरू केला. एका सभागृहात टेबले मांडलेली, टेबलामागे स्वतःच पुस्तक लिहिणारा, काढणारा आणि विकणारा चित्रकार, समोर मुलांना घेऊन आलेले आईबाप. आपल्याकडे चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला पुस्तकांचे स्टॉल लागतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

अशा लोकांनी लेख लिहिले, जुन्या पानांच्या प्रती काढल्या, व्याख्याने दिली. २०१४ साली चित्रकथांच्या आइसनर पुरस्कार समितीने इव्हान्स यांचे नाव आपल्या सन्मान-यादीत घेतले. मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षांनी.

इंटरनेटवरचे पावतीपुस्तक

आता वर्गणीकडे वळू. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये 'किकस्टार्टर' ही संस्था इंटरनेटवर सुरू झाली. तिकडे या पद्धतीला क्राउडफंडिंग म्हणतात. आपण लोकवर्गणी म्हणू. लेखक किंवा चित्रकार आपले काम जाहीर करतो. अमुक पुस्तक काढायचे आहे, अमुक रक्कम हवी, अमुक तारखेपर्यंत हवी. वाचक आपापल्या ऐपतीप्रमाणे रक्कम कबूल करतात. थोडे देणाऱ्याला एक प्रत, जास्त देणाऱ्याला सहीची प्रत किंवा मूळ चित्र. ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम कबूल झाली तरच पैसे घेतले जातात. एक डॉलर कमी पडला तरी कोणाकडूनही काही घेतले जात नाही. अर्धवट पैशांत अर्धवट काम होऊ नये, म्हणून हा नियम.

याची ताकद २०१२ साली दिसली. रिच बर्लू नावाचा चित्रकार 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही साध्या काडीसारख्या माणसांची चित्रकथा इंटरनेटवर काढत असे. तिचे छापील पुस्तक संपले होते. पुन्हा छापायला त्याने ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी मिळून साडेबारा लाख डॉलरच्या वर दिले. यामागे कोणी धनिक नव्हता. होते ते पंधरा हजारांच्या आसपास साधे वाचक.

याच मार्गाने २०२२ साली ख्रिस रॉबिन्सन या संपादकाने 'ऑल-निग्रो कॉमिक्स'च्या पंचाहत्तराव्या वर्षाची आवृत्ती जाहीर केली. मूळ अंकाचा हक्क आता कोणा एकाचा राहिलेला नव्हता, त्यामुळे तो छापायला मोकळा होता. जुनी पाने स्वच्छ करून छापली आणि आजच्या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी त्याच पात्रांच्या नव्या कथा जोडल्या. एस हार्लेम आणि लायन मॅन पुन्हा कामाला लागले. १९४७ साली जो पुढचा भाग निघू शकला नाही, तो एका अर्थाने वाचकांनीच काढून घेतला. २०२४ साली जुन्या चित्रकथांच्या पुनर्मुद्रणाचा आइसनर पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

हिशोबाची बाजू

प्रस्तुत लेखकाचा पिंड जमाखर्चाचा, त्यामुळे इथे थांबून थोडा हिशोब मांडतो. समजा, हजार वाचकांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिले. जमा पाच लाख. किकस्टार्टरसारखी संस्था पाच टक्के घेते, म्हणजे पंचवीस हजार गेले. पैसे वळते करण्याचा खर्च चार टक्के धरला तर आणखी वीस हजार. राहिले चार लाख पंचावन्न हजार. दोनशे रुपयांप्रमाणे हजार प्रतींची छपाई दोन लाख. टपाल शंभर रुपयांप्रमाणे एक लाख. बांधणी, पुठ्ठे, पाकिटे वीस हजार. हाती उरले एक लाख पस्तीस हजार. एक लेखक आणि एक चित्रकार यांनी वर्षभर काम केले असेल, तर प्रत्येकाला महिन्याला पडले ५,६२५ रुपये. बाहेरून पाच लाख ऐकणाऱ्याला वाटते, यांचे घर भरले!

म्हणून कित्येक जण इथेच फसतात. टपालाचा खर्च कमी धरतात, हौसेने जास्त बक्षिसे कबूल करतात आणि पैसे छपाईआधीच संपतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका प्राध्यापकाने २०१५ साली अभ्यास केला, तेव्हा पैसे जमूनही कबूल केलेली वस्तू न मिळाल्याचे प्रमाण शंभरात नऊ निघाले. २०१४ साली तर एका चित्रकाराने कहर केला. त्याने पुस्तकासाठी वर्गणी घेतली होती, ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त जमली होती. बऱ्याच जणांना प्रती पोचल्या, मग टपालाला पैसे उरले नाहीत. लोक पुस्तक कुठे आहे म्हणून पत्रे पाठवू लागले. चिडून त्याने १२७ पुस्तके जाळली आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येक विचारणेला आणखी एक पुस्तक जाळीन, असे जाहीर केले. शेवटी त्याच्याच एका चाहत्याने पुढे होऊन राहिलेल्या प्रती लोकांना पाठवण्याची खटपट केली.

चित्रकाराची अडचण खरी असेल. पण वर्गणी देणारा हिशोब मागतो, तेव्हा तो शत्रू नसतो. ज्याने पैसे दिले त्याला विचारण्याचा हक्क आहे आणि ज्याने घेतले त्याला अडचण वेळेवर सांगण्याचे बंधन आहे. 'कागद महागला, दोन महिने उशीर होईल' एवढे प्रामाणिकपणे कळवले तर लोक थांबतात, असा तिथला अनुभव आहे. मौन धरले की संशय येतो. मग पुढच्या प्रामाणिक माणसालाही कोणी पावती फाडत नाही.

आपण काय करावे?

आपल्या जीवनावरच्या चित्रकथा आता निघू लागल्या आहेत. २०११ साली दिल्लीच्या 'नवयान' या स्वतंत्र प्रकाशनाने बाबासाहेबांच्या जीवनावर 'भीमायन' काढले. चित्रे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, म्हणून त्यांनी चित्रकथेच्या नेहमीच्या चौकटीच वापरल्या नाहीत. असे पुस्तक घराघरात असायला हवे. पण एका पुस्तकाने मुलांची भूक भागत नाही.

आपल्या वस्तीत वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी पोरे-पोरी कमी नाहीत. एखाद्या मंडळाने ठरवले, तर जयंतीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून बत्तीस पानांची चित्रकथा छापणे अवघड नाही. आजीने गिरणीत काढलेले दिवस, बापाने रात्रशाळेत केलेले शिक्षण, पाण्यासाठी झालेली लढाई, विषय घरातच आहेत. फक्त सुरुवातीलाच चार गोष्टी लिहून फलकावर लावा: किती रुपये हवेत, किती प्रती निघणार, कोणत्या तारखेला मिळणार आणि तोवर पैसे कोणाकडे राहणार. रक्कम पुरी झाली नाही तर परत करा. पुस्तक निघाले की त्याच फलकावर जमाखर्च लावा, मग तो तोट्याचा असला तरी चालेल.

आणि पहिला अंक साधारण निघाला तर नाक मुरडू नका. दुसऱ्या अंकाची वर्गणी भरा. इव्हान्स यांच्या चित्रकारांना दुसऱ्या अंकाचा कागद मिळाला नाही. आपल्या मुलांच्या दुसऱ्या अंकाला तो मिळेल की नाही, हे आपल्या हातात आहे.